मांजराचा आजार व दवाखान्याची वाट

आपल्या मासिकांत गाई, म्हशी, बैल, शेळ्या आणि कोंबड्या यांच्या रोगांविषयीं लेख वारंवार येतात व त्यांचा उपयोगहि होतो. मांजराविषयीं मात्र कोणीं लिहिल्याचें माझ्या पाहण्यांत नाहीं. कारण उघड आहे. मांजराचा बाजार भरत नाहीं, तें दावणीला बांधलें जात नाहीं आणि सोसायटीच्या कर्जासाठीं तें तारण म्हणून दाखवितां येत नाहीं. तथापि ज्याच्या घरीं ज्वारीचें बळद किंवा भाताची कणगी आहे त्यास मांजराची किंमत सांगावयास नको. उंदीर खातो तेवढेंच नुकसान नव्हे; तो पोतीं कुरतडून धान्य सांडतो व लेंड्यांनीं नासवितो. हें सर्व ज्या प्राण्याच्या नुसत्या वावरानें कमी होतें, तो प्राणी आजारी पडला असतां आपण काय करितों, हा या लेखाचा विषय आहे.

बहुतेक घरीं दोनच गोष्टी होतात. एक तर आपोआप बरें होईल म्हणून वाट पाहिली जाते, किंवा माणसाच्या नाहीं तर गुरांच्या औषधांतलें कांहीं तरी त्याच्या तोंडांत घातलें जातें. मूळ रोग पुष्कळ वेळां बरा होण्यासारखा असतो; मांजर जातें तें या दोहोंमुळें. या दोन्ही चुका माझ्या हातून घडलेल्या आहेत, आणि त्यांतील एक घडली होती हें मला पांच वर्षांनंतर एका पशुवैद्याच्या टेबलापाशीं उभा असतां कळलें. सबब जें शिकलों तें वाचकांपुढें ठेवीत आहें.

गाय आजारी पडली कीं तिचें रवंथ बंद होतें, कान खालीं पडतात, नाकपुडी कोरडी होते आणि सांजचें दूध कमी येतें. घरांतल्या लहान मुलासहि कळतें कीं आज कांहीं बिघडलें आहे. मांजराचें तसें नाहीं. तें शिकार करणारें आहे खरें, पण अंगानें लहान असल्यामुळें मोठीं जनावरें त्याचीहि शिकार करितात. दुबळेपणा उघड दिसला तर जीव जावयाचा, हें जणूं त्याच्या रक्तांतच आहे. म्हणून दुखणें आलें कीं तें माळ्यावर, बळदाच्या आड किंवा कडब्याच्या गंजींत जाऊन गप्प बसतें. आपण म्हणतों, "झोपलें असेल." दुसरे दिवशीं जेवावयास आलें नाहीं तर म्हणतों, "उंदीर खाल्ला असेल." तिसरे दिवशीं शोधूं लागावें तों त्याच्यांत उभें राहण्याचें त्राण नसतें.

म्हणून मांजराच्या बाबतींत मोठ्या लक्षणांची वाट न पाहतां लहान बदल टिपावे. रोज अंग चाटून स्वच्छ ठेवणारें मांजर चाटणें सोडतें व केस उभे, गुंतलेले दिसतात. पाय पोटाखालीं घेऊन, पाठ वर करून, तें एकाच जागीं बसून राहतें. हांक मारली असतां कान वळवितें पण येत नाहीं. उडी मारून चढावयाच्या जागीं तें खालींच घुटमळतें. कुत्रें उन्हांतून आलें कीं तोंड उघडून धापा टाकतें व त्यांत कांहीं वावगें नसतें. मांजर स्वस्थ बसलें असतां तोंडानें श्वास घेत असेल तर तें मोठ्या संकटाचें चिन्ह समजावें. अन्न सुटून दोन दिवस झाले तर, विशेषतः मांजर लठ्ठ असल्यास, अंगांतील चरबी यकृतांत सांठूं लागते व त्यांतून दुसराच रोग उद्भवतो. तेव्हां उपास घालून मांजर बरें करण्याची कल्पना सोडून द्यावी.

आतां माझ्या घरची हकीकत सांगतों. इ. स. २०१९ च्या मार्च महिन्यांत, शाळू काढणीस आला असतां, आमचा पिवळा बोका आजारी पडला. मुलें त्यास 'फौजदार' म्हणत, कारण बळदाच्या तोंडाशीं तो रात्रभर गस्त घालीत असे. वय चार वर्षें, खच्ची केलेला, अंगानें भरलेला. थोरल्या मुलानें शहरांतून मांजराच्या कोरड्या खाद्याच्या पिशव्या आणून ठेविल्या होत्या. त्यांची चटक लागल्यापासून बोका घरांत दुसरें कांहीं खाईना, आणि पाणी पितांना तर तो क्वचितच दिसे. या सर्व गोष्टींचा पुढें संबंध येतो म्हणून लिहिल्या.

शनिवारीं सायंकाळीं तो परसांतील राखेच्या ढिगावर जाऊन बसला, उठला, पुन्हा बसला. असें पांच-सहा वेळां झालें. मधून मधून तो शेंपटीखालचा भाग चाटीत होता. घरांत सर्वांनीं ठरविलें कीं पोट साफ होत नाहीं. मीं चमचाभर एरंडेल त्याच्या तोंडांत ओतलें व मोकळा झालों. रविवारीं त्यानें अन्न सोडलें, दोनदां ओकारी केली आणि न्हाणीच्या ओल्या फरशीवर जाऊन तो पडून राहिला. ओकारी एरंडेलानें झाली अशी मीं स्वतःची समजूत घातली. शिवाय त्या दिवशीं मळणी होती. सोमवारीं पहांटे धाकटी मुलगी त्यास उचलावयास गेली तों तो इतक्या विचित्र स्वरानें ओरडला कीं सर्व घर जागें झालें. मीं पोटास हात लावून पाहिला. मागच्या पायांच्या पुढें मोसंब्याएवढा कठीण गोळा हातास लागला. परसांत जाऊन राख पाहिली; ती कोरडी होती.

तालुक्याच्या ठिकाणीं गुरांचा दवाखाना आहे तेथें त्यास नेलें. पशुवैद्य लाळ-खुरकुताच्या लसीकरणासाठीं बाहेर गेले होते. दारापाशीं असलेल्या इसमानें "मांजराचें येथें काय?" असें विचारून बांकाकडे बोट दाखविलें. त्या बांकावर एक ओळखीचे बागाईतदार बसले होते. ते बैल घेऊन आले होते. टोपलीकडे पाहून ते हसले व म्हणाले, "भाऊसाहेब, आतां मांजरालाहि दवाखाना!" तेव्हां मी महसूल खात्याच्या नोकरींत होतों, व किरकोळ रजेचा अर्ज देतांना कारण काय लिहावें या विवंचनेंत होतों, म्हणून मला कांहीं उत्तर सुचलें नाहीं. उत्तर पशुवैद्यांनींच दिलें. दीड तासानें ते आले, त्यांनीं बोक्याच्या पोटास नुसतीं बोटें लावलीं आणि त्या गृहस्थांकडे वळून विचारलें, "तुमच्या बैलाची लघवी अडली तर तुम्ही किती वेळ थांबाल?"

ते म्हणाले, "छे, छे! थांबून कसें चालेल? बैल जाईल."

"मग हा बोका शनिवारपासून थांबला आहे."

पुढें त्यांनीं जें समजाविलें तें शेतकऱ्यास चटकन् पटण्यासारखें आहे. बैलाचा मूत्रमार्ग लांब व अरुंद असून वाटेंत त्यास नागमोडी वळण असतें. लहान वयांत खच्ची केलेल्या बैलांत तो अधिकच बारीक राहतो व मूतखडा तेथें अडकतो. बैल पाय आपटतो, शेंपटी हलवितो, कुंथतो, आणि थेंबच पडतो. वेळेवर इलाज न झाल्यास मूत्राशय फुटतें. तें फुटलें म्हणजे बैल कांहीं काळ निवांतहि दिसतो, आणि मालकास वाटतें कीं गुण आला. बोक्याचें नेमकें असेंच आहे. त्याचा मूत्रमार्ग टोंकाशीं फार बारीक होतो. लघवींत मॅग्नेशियम, अमोनियम व फॉस्फेट यांचे वाळूसारखे कण तयार होतात, त्यांत चिकट बुळबुळीत द्रव्य मिसळतें आणि त्याचा बूच बसतो. मांजरीचा मार्ग आंखूड व रुंद असल्यामुळें तिला हा आजार झाला तरी मार्ग सहसा पूर्ण बंद होत नाहीं. खच्ची केलेला, घरांत बसून लठ्ठ झालेला, कोरडें खाद्य खाणारा व पाणी कमी पिणारा बोका यास अधिक बळी पडतो. म्हणजे आमचा फौजदार सर्व कलमांखालीं दोषी होता. म्हणण्यापेक्षां मी होतों.

मीं विचारलें, "पोट दाबून लघवी काढतां येणार नाहीं काय?" त्यावर ते फार कडक शब्दांत बोलले. मार्ग बंद असतां ताणलेलें मूत्राशय दाबणें म्हणजे तें फोडणेंच होय. मार्ग पूर्ण बंद झालेला बोका दोन ते तीन दिवसांत मरतो, आणि तो लघवीच्या वेदनेनें मरत नाहीं. मूत्रपिंडांवाटे बाहेर जावयाचें पोटॅशियम रक्तांत सांठत जातें व त्यानें हृदय मंद होत होत बंद पडतें. त्यांच्यापाशीं बोक्यास चालेल इतकी बारीक नळी नव्हती. त्यांनीं तें स्पष्ट सांगितलें, आमच्यासमोर फोन करून शहरांतील लहान जनावरांच्या एका दवाखान्यास कळविलें आणि "चहासाठींसुद्धां थांबूं नका" असें बजाविलें. अर्धवट माहितीवर टोचणी करून आम्हांस परत पाठविलें असतें तर आम्ही आनंदानें परत गेलों असतों. त्यांनीं तसें केलें नाहीं, याबद्दल त्यांचे उपकार मानावे तेवढे थोडे.

शहर पंचेचाळीस किलोमीटर दूर. तेथील डॉक्टरांनीं टेबलावर घेतांच हृदयाचे ठोके मोजले. मांजराचें हृदय मिनिटास साधारण १४० ते २२० ठोके देतें. याचे शंभराच्याहि खालीं आले होते. लघवी मोकळी करण्यापूर्वीं त्यांनीं शिरेंतून कॅल्शियमचें औषध दिलें, तें हृदय सांवरण्यासाठीं. मग सलाईन लावलें, रक्त तपासावयास घेतलें आणि त्यानंतर गुंगीचें औषध देऊन बारीक नळी घातली. नळींतून खारें पाणी सोडून तो बूच मागें ढकलावा लागला. पहिली लघवी आली ती काळसर लाल, तळाशीं रेती बसलेली. अशी ती एवढ्याशा जनावराच्या पोटांतून वाटीभर निघाली. नळी तीन दिवस तशीच ठेवून दिली होती.

या गडबडींत डॉक्टर मला प्रश्न विचारीत होते. शेवटची लघवी केव्हां झाली? शेवटचें खाणें केव्हां? ओकारी किती वेळां? घरांत उंदरांचें औषध ठेविलें आहे काय? तीस वर्षें कागदोपत्रीं वेळ व ठिकाण यांवांचून एक ओळहि न लिहिणाऱ्या मला पहिल्या प्रश्नाचें उत्तर देतां येईना. शनिवारीं दुपारीं झाली असेल, असें मीं अदमासानें सांगितलें. मुलगी बरोबर होती, ती म्हणाली, "नाहीं दादा, शुक्रवारीं रात्रींच तो राखेवर बसत होता." हा फरक अर्ध्या दिवसाहून अधिक होता. यावरून वाचकांस माझी सूचना अशी कीं, आजारी मांजराबरोबर घरांतील जें माणूस त्यास खाऊं घालतें व त्याची जागा झाडतें त्यास अवश्य न्यावें. बहुतेक घरीं तें माणूस म्हणजे बायको किंवा मुलगी असते, आणि दवाखान्यांत बोलावयास मात्र आपण जातों.

शेवटचा प्रश्न होता, "घरीं कांहीं गोळी दिली काय? पॅरासिटामॉल वगैरे?"

मीं सांगितलें कीं या खेपेस नाहीं. पूर्वीं एका मांजरीस दिली होती. डॉक्टरांनीं हातांतलें काम न थांबवितां विचारलें, "मग तिचें काय झालें?"

२०१४ च्या पावसाळ्यांत आमची एक करडी मांजरी दिवसभर सुस्त पडली होती. अंग गरम लागलें म्हणून मीं ५०० मिलिग्रॅमच्या गोळीचा अर्धा भाग कुटून दुधांतून तिला पाजला. मुलांस ताप आला असतां आपण देतों तीच ही गोळी. रात्रीं तिच्या तोंडाला लाळ सुटली, चेहरा सुजला, श्वास जोराचा झाला. हिरड्या पाहिल्या तर त्या तपकिरी, मातकट झालेल्या. दुसरे दिवशीं दुपारीं ती गेली. आजार भारी होता, असें आम्हीं मानलें व तिला आंब्याखालीं पुरलें. पांच वर्षें मी तसेंच मानीत होतों.

पॅरासिटामॉल पचवून बाहेर टाकण्यासाठीं यकृतांत जें द्रव्य लागतें तें मांजराच्या यकृतांत पुरेसें नसतें. मांजर हें निव्वळ मांसाहारी प्राणी असल्यामुळें पुष्कळशा पदार्थांचें विष उतरविण्याची जी शक्ति माणसांत व कुत्र्यांत आहे ती त्याच्यांत नाहीं. गोळीचें विष रक्तांत राहतें, रक्ताची प्राणवायु वाहून नेण्याची शक्ति नष्ट होते, म्हणून हिरड्या तपकिरी होतात आणि मांजर श्वास घेत असतांहि गुदमरतें. तीन-चार किलो वजनाच्या मांजरास एक गोळी मरणास पुरेशी आहे, अर्धीहि पुरते. लगेच नेल्यास ॲसिटिलसिस्टीन नांवाचें उताऱ्याचें औषध आहे, पण त्याचा उपयोग पहिल्या कांहीं तासांतच. आणि अंग गरम लागण्याविषयीं सांगावयाचें तर, निरोगी मांजराच्या अंगाची उष्णताच १००.५ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. आपल्या हातास तें नेहमींच गरम लागणार. तिला ताप होता कीं नव्हता हेंहि आतां कळण्यास मार्ग नाहीं.

हें कुटुंबास सांगावें कीं न सांगावें, याचा मीं परतीच्या वाटेवर विचार केला व सांगितलें.

माणसाच्या दुखण्यावरच्या इतर गोळ्या, म्हणजे आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक वगैरे, याहि मांजरास घातकच. त्या मूत्रपिंडें बिघडवितात व आंतड्यांस व्रण पाडतात. लसूण किंवा कांद्याचा रस पाजण्याची कांहीं घरांतून चाल आहे. त्यानें मांजराच्या रक्तांतील तांबड्या पेशी फुटतात. परंतु शेतकऱ्याच्या घरीं याहूनहि जवळचा धोका गोठ्यांत टांगलेला असतो. गुरांच्या गोचिडांवर आपण सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन वगैरे औषधें पाण्यांत मिसळून लावितों. उरलेलें पाणी पिसवांसाठीं मांजराच्या अंगावर ओतलें जातें. गाईस तें सोसतें, मांजरास सोसत नाहीं. त्याचें अंग थरथरतें, झटके येतात. असें झाल्यास साध्या साबणानें कोमट पाण्यांत तें धुऊन, टॉवेलांत गुंडाळून त्वरित न्यावें. धुण्यासाठीं ऊन पाणी घेऊं नये.

उंदरांच्या विषाबद्दल थोडें सविस्तर लिहिणें भाग आहे, कारण तें आपण स्वतः पैसे देऊन आणितों. आपल्याकडे मुख्यतः दोन प्रकार वापरांत आहेत. एक झिंक फॉस्फाईड, ज्याचें साधारण दोन टक्के प्रमाणाचें आमिष बिळांत ठेवितात. पोटांत गेल्यावर त्यापासून फॉस्फिन नांवाचा विषारी वायु निघतो. त्यास उतारा नाहीं. वेळेवर नेल्यास लक्षणांवरून इलाज करितां येतो, एवढेंच. असें मांजर ओकत असेल तर त्या ओकारींतूनहि वायु निघतो, म्हणून बंद गाडींत कांचा उघड्या ठेवाव्या. दुसरें ब्रोमॅडिओलोन. हें फसवें आहे. खाल्ल्यावर दोन-चार दिवस कांहींच दिसत नाहीं, कारण रक्त गोठविणारीं द्रव्यें हळूहळू संपत जातात. मग मांजर एकाएकीं पांढुरकें पडतें, धापा टाकतें. नाकांतून रक्त येतें किंवा आंतल्या आंत रक्तस्राव होतो. यावर मात्र खात्रीचा इलाज आहे. के-१ जीवनसत्त्व आठवडेच्या आठवडे द्यावें लागतें, व तें डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणें पूर्ण द्यावें. मांजर हिंडूं-फिरूं लागलें म्हणून मध्येंच सोडूं नये. विष मांजरानेंच खाल्लें पाहिजे असें नाहीं. विष खाऊन लडबडणारा उंदीर पकडावयास सोपा असतो, आणि तोच तें पकडतें. माझ्या मतें ज्या घरीं मांजर आहे त्या घरच्या बळदाशेजारीं विष ठेवणें म्हणजे चौकीदार नेमून त्याच्याच ताटांत माती कालविणें होय. शेतांतील बिळांसाठीं वापरावयाचेंच असेल तर पुडक्यावरचा कागद जपून ठेवावा व दवाखान्यांत जातांना खिशांत घालून न्यावा. विषाचें नांव कळल्यानें जो वेळ वांचतो तो दुसऱ्या कशानेंहि वांचत नाहीं.

मांजर नेण्याची रीत. आम्हीं पहिल्या खेपेस त्यास टोपलींत घालून वर धोतर बांधलें होतें. वाटेंत तो दोनदां बाहेर आला व मुलीच्या हातावर ओरखडे पडले. पोत्यांत घालून तोंड बांधणें तर फारच वाईट. आजारी मांजर त्यांत गुदमरतें. टोमॅटो भरावयाचे प्लॅस्टिकचे क्रेट आतां प्रत्येक बागाईतदाराच्या घरीं असतात. एकावर एक उपडा घालून दोन क्रेट सुतळीनें चारी बाजूंनीं बांधले कीं हवेशीर व भक्कम पिंजरा तयार होतो. तळाशीं घरांत वापरलेलें जुनें लुगडें घालावें, म्हणजे ओळखीच्या वासानें मांजर शांत राहतें, आणि वरून चादर टाकावी, म्हणजे वाटेवरचीं कुत्रीं व मोटारी दिसत नाहींत. मोटारसायकलवर मांडीवर घेऊन कधींहि नेऊं नये. निघण्यापूर्वीं बळेंच दूध पाजूं नये. गुंगी द्यावी लागली तर ओकारी श्वासनलिकेंत जाते.

पकडतांना मांजर चावलें तर तें हंसण्यावारी नेऊं नये. पिसाळलेल्या कुत्र्याचा रोग मांजरासहि होतो. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखालीं पंधरा मिनिटें धुवावी आणि त्याच दिवशीं सरकारी रुग्णालयांत दाखवावें. ज्या मांजराची वागणूक अचानक बदलली आहे, जें कारणावांचून अंगावर धांवतें किंवा ज्यास गिळतां येत नाहीं, त्याच्या तोंडांत हात घालण्याचें धाडस कोणींच करूं नये.

कोणत्या दवाखान्यांत न्यावें, हा प्रश्न पुष्कळजण विचारतात. प्रथम जवळच्या गुरांच्या दवाखान्यांत न्यावें. तेथें साधनें अपुरीं असलीं तरी काय झालें आहे व पुढें कोठें जावें हें कळतें. मुंबईस परळ येथें पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ सालीं स्थापन झालें. नागपूर, परभणी, उदगीर व सातारा जिल्ह्यांत शिरवळ येथेंहि अशीं महाविद्यालयें असून त्यांस जोडून दवाखाने आहेत. १९६२ या क्रमांकावर फोन केला असतां फिरत्या पशुवैद्यकीय पथकाशीं संपर्क होतो; तें पथक मुख्यतः गुरांसाठीं आहे, तरी सल्ला विचारण्यास हरकत नाहीं. निघण्यापूर्वीं पुढच्या दवाखान्यास फोन करावा व एकच प्रश्न विचारावा: "बोक्याची लघवी अडली आहे, नळी घालण्याची सोय आज आहे काय?" नाहीं म्हणाले तर पुढचा दवाखाना. उशीर झाला तो झाला. आणखी तीन दारें हिंडण्यांत घालवूं नये.

खर्चाविषयीं. तीन दिवसांचा मुक्काम, औषधें व तपासणी मिळून मला साडेचार हजार रुपयांच्या वर खर्च आला. गांवांत ही गोष्ट पसरली आणि पारावर पुष्कळ दिवस पुरली. एकानें विचारलें कीं तेवढ्यांत किती मांजरें आलीं असतीं. मांजरें फुकटच मिळतात, तेव्हां त्याचा हिशेब खरा होता. बळदांत त्या वर्षीं दहा क्विंटल शाळू होता, हें मीं उत्तरादाखल सांगितलें. पण खरें सांगावयाचें तर निघतांना मीं शाळूचा हिशेब केला नव्हता.

बोका घरीं आल्यावर डॉक्टरांनीं सांगितलेली व्यवस्था अशी. हा आजार उलटतो, विशेषतः पहिल्या कांहीं महिन्यांत. म्हणून लघवी पातळ राहील असें करावें. कोरडें खाद्य बंद करावें किंवा पाण्यांत पूर्ण भिजवून द्यावें. मासळी अगर कोंबडीचें मांस मीठ, मसाला व कांदा न घालतां उकडून त्याच्या पाण्यासकट द्यावें. पाण्याचीं भांडीं खाण्याच्या ताटलीपासून दूर, तीन-चार ठिकाणीं ठेवावीं. आम्हीं चिनी मातीची बशी, पितळी वाटी असे प्रयोग केले. बोक्यानें शेवटीं गाईची दगडी डोणी पसंत केली व अजूनहि तेथेंच पितो. घरांत दोन मांजरें असल्यास विधीसाठीं राखेच्या दोन पाट्या निराळ्या ठेवाव्या, कारण दुसऱ्याच्या भीतीनें एक मांजर लघवी रोखून धरतें. वारंवार मार्ग बंद होऊं लागल्यास शस्त्रक्रिया करून तो रुंद करितात. त्याची वेळ आमच्यावर आली नाहीं.

धाकट्या मुलीनें मात्र दुसऱ्या दिवसापासून एक वही घातली. रोज सकाळीं राखेची पाटी पाहावयाची, ओला गोळा दिसला कीं वेळ लिहावयाची. मला हा पोरखेळ वाटला होता. जानेवारी २०२२ मध्यें एके दिवशीं दुपारीं बोका पुन्हा राखेवर बसूं-उठूं लागला तेव्हां कोणींहि एरंडेलाची बाटली शोधली नाहीं. क्रेट बांधले, फोन केला आणि चार वाजतां आम्ही शहरांत पोंचलों. मूत्राशय भरलें होतें पण कठीण झालें नव्हतें. हृदयाचे ठोके नेहमींसारखे होते. डॉक्टरांनीं नळी उघडतां उघडतां तोच पहिला प्रश्न विचारला. मुलीनें वही काढली व वाचून दाखविलें: "सकाळीं सव्वासहा. नेहमींपेक्षां थोडी कमी."